गाव हलवणारा गजू

गजू, परवा आर्वीच्या बार रूममध्ये तुझी शोकसभा झाली. होता होता राहणार होती. आधी बराच वेळ वाद चालला, आणि तो कशावर, तर तू वकील होतास की नव्हतास यावर. नव्या पोरांपैकी एकाने नियम काढला. म्हणे गजाननरावांनी सरकारी काम घेतलं तेव्हाच सनद स्थगित केली होती, म्हणजे ते बारचे सभासद उरले नव्हते, मग ठराव कसा करायचा? मी बसल्या जागेवरून ओरडलो. तुला माझा आवाज माहीत आहे. म्हटलं, "बाळा, तुह्या जन्माआधीपासून हा माणूस या खुर्चीवर बसून दावे लिहीत होता. इश्वास नसन तं खुर्चीले विचार." खुर्ची काही बोलली नाही, पण तो खाली बसला.

मग अध्यक्षांनी तुझी माहिती वाचली. गाव चुकीचं वाचलं, कॉलेज चुकीचं वाचलं, आणि शेवटी "यशस्वी कारकीर्द" असं म्हणाले. तू शेजारी असतास तर टेबलाखालून मला लाथ मारली असतीस. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मी उभा राहिलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खरं कारण असं की मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि भांडण मिटलेलं नसताना मान खाली घालून उभं राहणं मला जमत नाही.

म्हणून हे लिहायला बसलो. आर्वीत आता मला उलट उत्तर देणारं कोणी उरलेलं नाही. सगळे "हो साहेब" म्हणतात. इतका एकटा मी कधी नव्हतो.

आपलं एकच टेबल होतं. अलीकडे मी, पलीकडे तू. माझ्याकडे धुऱ्याबांधाचे आणि वाटण्यांचे दावे, तुझ्याकडे अपघाताचे. माझे पक्षकार मरेपर्यंत भांडायचे, तुझ्याकडे घरातलं कोणी मेल्यावरच यायचे. तू त्यांना चहा पाजायचास आणि मग विचारायचास, "तुम्ही सोता पाह्यलं का? का कोणी सांगतलं?" ऐकीव गोष्टीला तुझ्याकडे थारा नव्हता. नवरा गेलेल्या बाईलाही तू हा प्रश्न विचारायचास, आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, असा वकील पाहिजे. पुरावा म्हणजे पुरावा.

मग ती रपट्याची केस आली. नाल्यावरचा तो बुटका, बिनकठड्याचा पूल. पावसात पाणी त्याच्यावरून वाहत होतं, तरी काळीपिवळीवाल्याने जीप घातली आणि ती वाहून गेली. तुझ्या पक्षकार बाईचा नवरा त्या जीपमध्ये होता. तू केस जीव ओतून चालवलीस आणि जिंकलास. निकालाच्या दिवशी मी तुझी पाठ थोपटत होतो आणि ती बाई समोर उभी होती. तिने एकच विचारलं, "आता त्या रपट्याले कठडा लावतीन का, वकीलसाहेब?"

तू मला वाटतं पहिल्यांदाच अडखळलास. म्हणालास, "बाई, दाव्यात ती मागणी नव्हती."

कायद्याच्या दृष्टीने तुझं उत्तर बरोबर होतं. जे मागितलं नाही ते कोर्ट देत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच रपट्यावरून एक मास्तर सायकलसकट गेला. त्याचा भाऊ वकील शोधत शोधत आपल्याच टेबलाशी आला, आणि तू त्याची केस घेतली नाहीस. माझ्याकडे ढकललीस आणि बाहेर जाऊन बसलास. संध्याकाळी मला म्हणालास, "बैल गेला अन् झोपा केला, हाच आपला धंदा हाय गड्या. आपून जिंकलो, अन् रपटा तिथंच हाय."

मला वाटलं, चार दिवसांत उतरेल. तुझं उतरलं नाही. तू वर्ध्याला अर्ज केलास आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी झालास. पदाचं नाव एवढं लांब की ते उच्चारून होईपर्यंत कंत्राटाची मुदत संपायची. हो, कंत्राटच. चालती वकिली सोडून कंत्राटी पूर सांभाळायला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी तुला काय काय बोललो! हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलास म्हणालो. शोभावहिनींसमोर म्हणालो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगून पाहा, माह्यं तं आयकतच नाई." तू चहा पीत बसला होतास आणि माझ्याकडे बघून हसत होतास, आणि त्या हसण्यानेच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

ऑर्डर मिळाली तेव्हा तू मला केळझरला गणपतीच्या दर्शनाला घेऊन गेलास. मला वाटलं, देवाला काही मागणार असशील. रांगेत उभा राहून तू मला विचारलंस, "इथं चतुर्थीले गर्दी उसळली तं लोकं निघतीन कुठून?" देवाकडे तुझं लक्ष कमी आणि दारांकडे जास्त. तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस आता टेबलावर परत येत नाही.  

मी लग्न केलं नाही. तू म्हणायचास, "दिवाकरा, तुले पुरेसा पुरावाच भेटला नाई." तू वर्ध्याला गेल्यावर माझी संध्याकाळ एकदम मोठी झाली. कोर्टातून आलो की घरात मी आणि रेडिओ. कधी कधी दिवसभरात मी बोललेलं शेवटचं वाक्य "पुढली तारीख मिळावी" हे असायचं. मग एका पावसाळ्यात तुझा फोन आला, आणि तुला माझी गरज आहे हे कळलं. तेव्हाचा आनंद मी तुला कधी बोलून दाखवला नाही. आता दाखवतो. फार आनंद झाला होता, गजू.

नदीकाठच्या त्या गावाने तुला घाम फोडला होता. वर धरणाचे दरवाजे उघडणार, खाली वर्धा नदी फुगणार, आणि काठचे लोक घर सोडायला तयार नाहीत. तू म्हणालास, "तू वकील हायेस. तू त्यायची बाजू घे. मी बोलतो, तू नाई म्हण." अशी आपली रंगीत तालीम सुरू झाली. दर पावसाळ्यात, संध्याकाळी. मी फोनवर म्हातारा व्हायचो.

"बाबाजी, नदीले पूर येऊन राह्यला. शाळेत चला."

"कोण बोलून राह्यलं?"

"कलेक्टर ऑफिसातून, गजानन."

"कोन्या पार्टीचा हायेस?"

"पार्टीचा नाई बाबाजी, पाण्याचा."

"मंग पाणी आल्यावर येजो."

तू घसा साफ करायचास आणि पुन्हा सुरुवात करायचास. मी तयारच असायचो. "घराले कुलूप लावून गेलो तं मागं कोण पाहीन?" तू म्हणायचास, पोलीस पाटील हाय. मी म्हणायचो, "त्याचंच तं भेव हाय." तू म्हशीची सोय सांगितलीस की मी म्हणायचो, "ते दुसऱ्याच्या खुट्याले पान्हवत नाई." आणि सगळं संपलं की माझा हुकमाचा एक्का: "इतके वर्स झाले, या घरात पाणी नाई शिरलं. आजच काऊन शिरीन?"

इथं तू हात टेकायचास. तू हसून म्हणायचास, "हरलो बे. ठेव फोन." मग मी भाजी चिरता चिरता दुसऱ्या दिवसासाठी नवे आक्षेप शोधायचो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात उत्तम वकिली मी त्या फोनवर केली, तीही विरुद्ध पक्षाची. एकदाही हरलो नाही. आणि तरी दर वेळी बातमी यायची की गाव हललं, सगळे वेळेवर शाळेत पोचले. मला वाटायचं, खरे म्हातारे माझ्याइतके हुशार नसावेत.

आपलं खरं भांडण झालं ते पाणी न आल्याच्या वर्षी. तू गाव हलवलंस, लोक पोराबाळांसकट शाळेत झोपले, आणि नदी काठाच्या आतच राहिली. गावात तुझी थट्टा झाली. पावसाचे चार थेंब पडले की लोक म्हणायचे, "चला, गजाननसायबाचं पाणी आलं." मी तुला फोन करून खडसावलं. म्हटलं, कशाच्या आधारावर उठवलंस? वरच्या गावातल्या कोणा कोतवालाने कोणाकडून तरी ऐकलं, एवढ्यावर? तूच शिकवायचास ना, सोता पाह्यलं का म्हणून?

तू शांतपणे म्हणालास, "पुरावा येतवर पाणीबी येते, दिवाकरा. दोघं संगंच येतात."

मी म्हणालो, मग कायदा कशाला आहे? तू म्हणालास, कायदा दुसऱ्या दिवशीसाठी हाय. मी फोन आपटला. पुढे आपण बोलायला लागलो, पण या मुद्द्यावर नाही. मी अजूनही तुझं पूर्ण मान्य करत नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. भीती वाटली म्हणून माणसाला घराबाहेर काढायचं, हे मला पटत नाही. तू असतास तर आज पुन्हा भांडलो असतो.

आणि आता ती संध्याकाळ.

शोभावहिनी पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. तू वर्ध्याच्या खोलीवर एकटा. पावसाचा इशारा होता, म्हणून तालमीला फोन केलास. मी म्हातारा व्हायच्या बेतात होतो, पण तुझा आवाज ऐकला आणि थांबलो. वाक्याच्या मध्येच तुझा श्वास तुटत होता. मी विचारलं, तर म्हणालास, "सकाळपासून छातीत जड वाटून राह्यलं. पित्त असन."

मी म्हणालो, "गजू, सेवाग्रामच्या दवाखान्यात जाय. आत्ता."

"काऊन?"

"छातीचं हाय म्हणून."

"पुरावा काय तुह्याजवळ?"

तू हसत होतास. माझ्याजवळ काय पुरावा असणार? तू वर्ध्यात, मी आर्वीत, मध्ये नुसती फोनची लाइन. मला भीती वाटत होती, एवढंच होतं माझ्याजवळ. मी म्हटलं, हॉस्पिटल काही लांब नाही, रिक्षा कर. तू म्हणालास, "इशारा हाय आज. मी गेलो तं मागं कोण पाहीन?" मी म्हटलं, तुझ्या हाताखाली माणसं आहेत. म्हणालास, "त्यायचंच तं भेव हाय." आणि मग म्हणालास, "इतके वर्स झाले, काई झालं नाई. आजच काऊन होईन?"

गजू, ती माझी वाक्यं होती. मी घडवलेली, घासूनपुसून तुला ऐकवलेली. त्यांना उत्तर नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी तरीही बोलत राहिलो. मुद्दे मांडले. तुझे वडील असेच छातीत दुखून गेले ते काढलं, वयाचं काढलं, वहिनींची शपथ घातली. तू म्हणालास, "उद्या पाहू बे," आणि फोन ठेवलास. सगळ्या जिल्ह्याला सांगत फिरलास की धोका दिसायच्या आधी निघा, आणि स्वतः जागचा हलला नाहीस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी त्या संध्याकाळी तुला ऐकवणार होतो, पण फोन कट झाला होता.

सकाळी तुझ्या ऑफिसातून फोन आला. त्यापुढचं तुला माहीत नाही, आणि मला सांगायचं नाही.

संध्याकाळी फोनची वेळ होते तेव्हा मी अजून रेडिओ बंद करतो. पावसाचे इशारे मोबाईलवर येतच असतात, तुझ्या खुर्चीवर आता दुसरं कोणी आहे. मागच्या आठवड्यात असा एक इशारा आला आणि मी रिकाम्या घरात मोठ्याने म्हणालो, "मी नाई जात, काय करतोस?" शेजारची पोरगी डोकावून विचारून गेली, काका, कोणाशी बोलून राह्यले? मी म्हटलं, केस पाठ करून राह्यलो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते. तेरवीला त्या नदीकाठच्या गावातून एक अख्खी गाडी भरून माणसं आली होती. त्यांच्या सरपंच विमलताई माझ्याजवळ येऊन बसल्या. वहिनींनी माझी ओळख करून दिली, सायबांचे मित्र म्हणून. मला राहवलं नाही. मी विचारलं, "ताई, तुम्हाला गजानन काय सांगायचा? काय बोलला की तुम्ही घरं सोडायचात?"

"कायचं बोलनं वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "पहिल्या साली लय बोलले. कायदा सांगतला, नकाशे दाखोले. कोनी उठलं नाई. मंग ते दमले अन् आमच्या ओसरीवर बसले. मी म्हटलं, सायेब, आता तुमी जा, पानी येऊन राह्यलं. तं म्हनाले, तुमी निघान तवाच मी निघीन. पाय वर घेऊन बसले, च्या मांगतला. माह्या सासऱ्यानं मोप सांगतलं, ते उठेच ना. मंग हळूच मले म्हनाले, ताई, मले पोहता येत नाई."

त्या हसायला लागल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

"आता सांगा. पाहुना मानूस, सरकारी मानूस, अन् त्याले पोहता येत नाई. आमच्या ओसरीवर बसून बुडाला तं आमी गावात तोंड दाखवाव काय? सासरा शिव्या देत उठला. म्हने, चाला वो, या सायबाले शाळेत नेऊन सोडा पह्यले. तवापासून दर साली तसंच. ते येत, बसत, अन् आमी त्यायले वाचवाले निघो. ज्या साली पानी नाई आलं, तवाबी आमी त्यायच्यासाठीच निघालो होतो."

मी तिथून उठलो आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. लोकांना वाटलं रडतोय. मी संतापलो होतो, गजू. इतक्या संध्याकाळी तू माझ्याकडून हरत होतास आणि हे एकदाही सांगितलं नाहीस? मी मुद्दे रचत बसलो आणि तू त्या गावात मुद्दा मांडतच नव्हतास. फोनवर ओसरी नसते, म्हणून तिथं तू हरायचास, एवढंच. स्वतःसाठी कोणी उठत नाही, ओसरीवरच्या माणसासाठी उठतात, हे तुला केव्हाच कळलं होतं. कदाचित सांगायची लाज वाटली असेल. पोहता येत नाही हे तू ऑफिसात कोणाला कळू दिलं नव्हतंस, मला तेवढं माहीत होतं. किंवा माझी संध्याकाळ मोडेल म्हणून बोलला नसशील. तसं असेल तर तुझे आभार मानू की तुला शिव्या देऊ, मला कळत नाही. दोन्ही करतो आहे.

पण मला सांगायला हवं होतंस. त्या संध्याकाळी वर्ध्याची एस.टी. मिळाली असती. मी तुझ्याशी एक शब्द भांडलो नसतो. तुझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसलो असतो, भिजलेला, गुडघा धरून. आणि म्हटलं असतं, गजू, माह्या छातीत दुखून राह्यलं, मले सेवाग्रामले ने. तू इशारा, ऑफिस, सगळं तसंच टाकून उठला असतास. माझा दंड धरून रिक्षात बसवलं असतंस आणि स्वतः शेजारी बसला असतास. एकदा दारात पोचलो असतो की पुढचं मी पाहून घेतलं असतं.

आयुष्यभर पुरावा पुरावा करत आलो. पण तेवढं एक खोटं मी बोललो असतो रे, गजू.